कोणाच्याही डोळ्याला पाणी आलं नाही

सुलभाताई,

हे मी चौथ्यांदा सुरू करतोय. पहिल्या खेपेला 'कैलासवासी' लिहिलं आणि त्या शब्दाकडे बघत बसलो. दुसऱ्या खेपेला 'आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सदस्या' असं लिहिलं, तर तुमचं लाल पेन त्या 'ज्येष्ठ'वरून फिरल्याचा भास झाला. तिसऱ्या खेपेला रीतसर जन्म, गाव, शिक्षण असं मांडायला घेतलं आणि माहितीसाठी तुमच्या ऋचाला फोन केला. ती म्हणाली, "काका, आईला स्वतःची जन्मतारीख छापलेली आवडली असती का?" नसती आवडली. तेही पान फाडलं. आता सरळ तुमच्याशीच बोलतो. तुम्ही गेल्याला बारा दिवस झाले आहेत, अंक शनिवारी छपाईला जायचाय, आणि मला एका जागी बसवत नाहीये.

बायको दोनदा म्हणाली, "अहो, जरा खाली जाऊन चालून या." गेलो. आमच्या हौगांगच्या ब्लॉकखाली चार फेऱ्या मारल्या, परत आलो, कॉम्प्युटर उघडला, पंख्याचा वेग वाढवला, मग कमी केला. काल तर कहर केला. ऑफिस सुटल्यावर घरी यायचं सोडून उलट्या दिशेच्या एमआरटी रेल्वेत बसलो आणि जुरोंग ईस्टला उतरलो. सिनेमाच्या दाराशी उभं राहून पोस्टरं बघितली. एकाही पिक्चरचं नाव आज मला सांगता येणार नाही. मग तसाच परत आलो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एवढा प्रवास केलात तर तिकीट तरी काढायचंत."

तुमची माझी ओळखच मुळी चुकांवरून झाली. या परमुलखातल्या आपल्या मराठी मंडळाचा मासिक अंक माझ्या गळ्यात पडला होता, कारण सभेत दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. सोळा पानं, बहुतेकांना पीडीएफ आणि ज्यांना फोनवर वाचवत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी थोड्या छापील प्रती. तिसऱ्या अंकानंतर एका बाईंचा फोन आला. "संपादक आहेत का? मी सुलभा, बुकित पंजांगहून बोलतेय. मुलीकडे राहायला आलेय. तुमच्या अंकात तेवीस चुका आहेत. सांगू का?" मी म्हटलं सांगा, आणि तुम्ही खरोखर तेवीसच्या तेवीस सांगितल्यात. मुंबईत तीस वर्षं जहाजाच्या मालाचे कागद तपासलेल्या बाई तुम्ही. एका अक्षराची चूक झाली तर माल बंदरात अडकून पडतो, हे तुम्ही मला पुढे किमान पन्नास वेळा ऐकवलंत.

पुढच्या अंकापासून मुद्रितं तपासायला तुमच्याकडे आली, आणि शेवटच्या पानावर 'चूकभूल' हे सदरही. गेल्या अंकातल्या चुका पुढच्या अंकात क्रमाने, न लाजता छापायच्या. मी कुरकुर केली होती. कोण वाचणार, आपलीच अब्रू आपणच काय म्हणून काढायची? तुम्ही म्हणालात, "चूक झाली यात अब्रू जात नाही. दडवली की जाते." तेव्हा मला ते शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटलं होतं. आता त्याच वाक्यापायी घरभर फिरतोय.

'दोन खुर्च्या'ची कल्पना माझी, हे मात्र कबूल करा. महिन्यातून एका रविवारी दोघांनी एकच पिक्चर बघायचा आणि दोघांनी वेगवेगळं परीक्षण लिहायचं. पानाच्या डाव्या बाजूला माझं, उजव्या बाजूला तुमचं. नियम तुम्ही घातलेत. एक, पिक्चर बघायच्या आधी कोणाचंही परीक्षण वाचायचं नाही. दोन, बघून झाल्यावर दोघांचे मजकूर हातात येईपर्यंत त्या पिक्चरबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्यामुळे बाहेर पडल्यावर आपण हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी ही इथली कॉफी पीत सगळ्या जगाबद्दल बोलायचो. पण नुकतं जे तीन तास बघून आलो, त्याचं नाव नाही. तुम्ही आधी टेबलावर टिशूचं पाकीट ठेवून जागा धरायचात. इकडे येऊन वर्ष व्हायच्या आतच ही इथली रीत तुम्ही आपलीशी केली होतीत, आणि कोणी त्या पाकिटाकडे दुर्लक्ष करून बसू लागलं, तर त्याला मराठीतून सुनावण्याइतकी.

थिएटरात तुम्ही नेहमी माझ्या उजवीकडे बसायचात. एकदा चुकून उलटे नंबर आले, तर तुम्ही मला उठवून जागा बदलायला लावलीत. मी वैतागलो होतो. तेव्हा सांगितलंत, की तुमचे यजमान तोफखान्यात होते, डावा कान तिथेच गेला. चाळीस वर्षं त्यांच्या उजवीकडे बसायची सवय झालेली. ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी डावीकडे बसलं की आपलं बोलणं समोरच्याला ऐकू जाणार नाही असं वाटतं, म्हणालात. मी माझा डावा कान ठीक आहे म्हणालो. तुम्ही म्हणालात, "असेल, पण तुम्ही त्याचा उपयोग कुठे करता?"

आता तो कोरियन पिक्चर.

या पिक्चरवरून सहा वर्षं आपण भांडलो आणि सहा वर्षं मी तुमच्याशी खोटं वागलो. भांडण सगळ्या मंडळाला माहीत आहे. खोटं फक्त मला माहीत होतं, असं मी समजत होतो.

तो यायच्या आधीच त्याचा गाजावाजा झाला होता. कोरियात आजवर असा युद्धपट झाला नाही, हजारो माणसं, खरे रणगाडे, वगैरे. त्या शुक्रवारी ऑफिसात काम नव्हतं. सर्व्हर बदलत होते, आम्ही नुसते बसून. मी सहज म्हणून एक परीक्षण उघडलं. मग दुसरं. संध्याकाळपर्यंत मी अकरा परीक्षणं वाचली होती, ताई. नियम नंबर एक मी अकरा वेळा मोडला. अमेरिकेतला एक म्हणाला, कानठळ्या बसवणारा आहे. इंग्लंडातल्याने लिहिलं, योगायोगांची जत्रा. खुद्द कोरियातल्या एकाने लिहिलेल्याचं इंग्रजी भाषांतर होतं, त्यात तो म्हणत होता की आमच्या आजोबांच्या दुःखाचं यांनी फटाक्यांचं दुकान केलं. आणि आणखी एकाने लिहिलं होतं की दिग्दर्शक तीन तास प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी काढायची खटपट करतो आणि ते काही येत नाही. ते वाक्य मला फार आवडलं. आपण असं लिहायला पाहिजे, असं वाटलं. रविवारी मी तुमच्या डावीकडे येऊन बसलो, तेव्हा माझं परीक्षण मनात जवळजवळ लिहून झालं होतं. फक्त पिक्चर बघायचा राहिला होता.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, पण अंक वाचणाऱ्यांसाठी सांगतो. नदीकाठच्या एका गावातले दोन नावाडी, लहानपणापासूनचे मित्र. युद्ध होतं, एक दक्षिणेच्या फौजेत ओढला जातो, दुसरा उत्तरेच्या. आणि मग तीन तास ते एकमेकांसमोर येत राहतात. कधी पुलावर, कधी बर्फात, एकदा तर एकाच खंदकात. इतक्या मोठ्या युद्धात या दोघांनाच एकमेकांशिवाय कोणी भेटत नाही. हे मी तेव्हा लिहिलं आणि आजही लिहीन. तुम्ही गेलात म्हणून मी ते मागे घेणार नाही. दुसरा अर्धा भाग लांबलाय, तेही मागे घेणार नाही.

पण शेवटाकडे तो एक प्रसंग आहे. युद्ध संपलंय. दक्षिणेचा नावाडी गावी परत येतो, अंगणातल्या रांजणाशी उभा राहून हात धुतोय. म्हातारी आई मागून येते आणि हाक मारते. तो वळत नाही. ती पुन्हा हाक मारते. तो हात धुतच राहतो. तीन तास तोफांनी डोकं उठवलेलं असतं आणि इथे अचानक काही नाही, पाण्याचासुद्धा आवाज नाही, कारण आपण त्याच्या कानांनी ऐकत असतो. आईचे नुसते ओठ हलताना दिसतात. तिसऱ्या हाकेनंतर तिला कळतं. ती पुढे येऊन त्याच्या समोर उभी राहते आणि मग तो हसतो.

मी रडलो. नुसतं पाणी आलं असं नाही, चांगला रडलो. खांदे हलत होते. माझी आई नाशिकला एकटी होती आणि दर रविवारी फोनवर दोनदा 'ऐकू येतंय ना रे' विचारायची आणि मी एका हाताने मेल वाचत 'हो हो' म्हणायचो. ते एकदम सगळं आलं. चष्मा काढला, बाहीने पुसायला लागलो. तेवढ्यात माझ्या उजव्या गुडघ्यावर काहीतरी हलकंसं पडलं. टिशू. तुम्ही पडद्यावरची नजर काढली नव्हतीत. पाकिटातून एक काढून नुसता ठेवलात. तुमचे डोळे कोरडे होते, हे मी पाहिलं. ज्या बाईच्या घरात ती तीन हाकांची गोष्ट चाळीस वर्षं रोज घडली होती, ती शांत बसली होती आणि मी रडत होतो.

बाहेर आल्यावर नियमाप्रमाणे आपण बोललो नाही. हॉकर सेंटरमध्ये तुम्ही तेच पाकीट टेबलावर ठेवलंत आणि कोपी आणायला गेलात. चोआ चू कांग स्टेशनात तुम्ही एलआरटीच्या छोट्या गाडीकडे वळलात तेव्हा "मंगळवारपर्यंत मजकूर पाठवा" एवढंच म्हणालात. त्या टिशूबद्दल तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत आणि नंतरही कधी नाही.

मी मजकूर पाठवला. मनात आधीच तयार होता, तोच. त्यात फटाके होते, जत्रा होती, कानठळ्या होत्या. आणि शेवटचं वाक्य होतं: 'संपूर्ण प्रेक्षागृहात कोणाच्याही डोळ्याला पाणी आलं नाही.'

का लिहिलं? बारा दिवस हेच विचारतोय स्वतःला. जगभरचे शहाणे लोक एक म्हणत असताना हौगांगच्या फ्लॅटमधला एक आयटीवाला हुंदके देत होता, हे छापायची लाज वाटली. बाकी काही नाही. लोकांना कळेल की संपादकाला कळत नाही, अशी भीती. उष्ट्या मतांवर जेवलो आणि वर ढेकर दिली.

तुमच्या बाजूचा मजकूर छोटा होता. पहिलंच वाक्य, 'हा पिक्चर फार आवाज करतो. आमच्या घरातही फार आवाज असे.' पुढे तुम्ही लिहिलं होतंत की टीव्ही किती मोठ्याने लावावा लागे, शेजारी कसे तक्रार करत, आणि यजमानांनी आयुष्यात युद्धाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, फक्त तो कान सांगत असे. ज्याने तोफेशेजारी दिवस काढले, त्याच्या गोष्टीत हळू आवाज कुठून आणायचा, असं विचारलं होतंत. अकरा समीक्षकांनी 'मोठा आवाज' हा दोष धरला होता, आणि तुम्ही त्यांतलं एकही न वाचता सगळ्यांना उत्तर देऊन बसला होतात. मी तुमचं परीक्षण लावताना दोनदा वाचलं. माझं बदलायला पूर्ण दिवस होता. बदललं नाही.

अंक निघाला त्या दिवशी तुमचा फोन आला. "छान झालाय अंक. तुमचं शेवटचं वाक्य विशेष. पण ते तुमचं वाटत नाही." मी हसून उडवून लावलं. मग तुम्ही विचारलंत, "चूकभूलमध्ये या महिन्यात तुमचं काही?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर प्रत्येक महिन्याला तो प्रश्न आला. मुद्रितं परत करताना, न चुकता. "चूकभूलमध्ये तुमचं काही?" मी समजायचो की बाईंची काम करायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर समजायचो नाही, तसं समजून घ्यायचो. आणि त्या पिक्चरवरून वाद चालूच राहिला. संक्रांतीला तिळगूळ देताना तुम्ही तो काढायचात, गणपतीत आरतीच्या रांगेत मी काढायचो. एकदा मी म्हणालो, "रडू आलं म्हणजे पिक्चर चांगला असं थोडंच आहे? रडू कांदा चिरतानाही येतं." तुम्ही म्हणालात, "खरंय. पण कांदा चिरणारा माणूस चोरून पुसत नाही." सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत माझे कान तापले होते.

दोन-तीन वर्षांनी तुम्ही मला एक दुवा पाठवलात. त्या अकरांपैकीच एक समीक्षक. त्याने तो पिक्चर पुन्हा पाहिला होता आणि लिहिलं होतं की पहिल्यांदा मी घाईत होतो, त्या रांजणापाशी मी नीट बघितलंच नव्हतं. खाली तुमचा एकच शब्द होता, 'वाचा.' मी उत्तर दिलं, 'वाचलं.' परक्या देशातल्या, तुमचं नावही न ऐकलेल्या माणसाला जमलं ते मला जमलं नाही. तुम्ही मला आयती शिडी लावून दिली होतीत. मी तिच्याकडे बघून 'वाचलं' म्हणालो.

रागही येतो तुमचा, सांगून टाकतो. सरळ का नाही बोललात? "तुम्ही रडलात, मी पाहिलं, खोटं का लिहिलं?" एवढं एकदा विचारलं असतंत तर दोन मिनिटांत मामला मिटला असता. तेवीस चुका फोनवर घडाघडा सांगणारी बाई ही एक चूक सहा वर्षं तोंडात धरून बसते. ऋचाला मी हे बोललो. ती म्हणाली, "काका, आई दुसऱ्यांच्या चुका सांगायची. पण खोटं ज्याचं त्याने सांगावं म्हणायची." तुमची नात इरा तिथेच होती. ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "Ajji like that one, lah. She'll wait and wait. My homework also like that." मग ती आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

हॉस्पिटलात तुम्हाला भेटायला आलो तो दिवस. मी ठरवून आलो होतो. गाडीत वाक्य जुळवलं होतं. तुमच्या खाटेच्या डावीकडे खुर्ची होती. मी ती ओढून उजवीकडे घेतली, का कोण जाणे. तुम्हाला ते कळलं आणि तुम्ही किंचित हसलात. मग मी काय बोललो? दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाबद्दल बोललो. जाहिरात कोण देणार याबद्दल बोललो. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मध्येच म्हणालात, "चूकभूलमध्ये काही?"

तेवढ्यात नर्स आली, हे मी सगळ्यांना सांगतो. ती आली, पण तिने मला जा म्हटलं नव्हतं. तिने नुसती सलाइनची बाटली बदलली. मला वेळ होता. मी म्हणालो, "पुढच्या अंकात बघू."

"बघ," तुम्ही म्हणालात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला अरे-तुरे केलंत. चौथ्या दिवशी ऋचाचा फोन आला.

मंडाईच्या स्मशानात पुष्कळ माणसं आली होती. मी शेवटच्या रांगेत उभा होतो आणि डोळे कोरडे होते. शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही अगदी घट्ट मनाचे."

परवा इराने मला तुमच्या कॉम्प्युटरवरची फाइल पाठवली. आजारपणातही तुम्ही या महिन्याचं 'चूकभूल' तयार करून ठेवलं होतंत. दोन चुका आहेत. पहिली, गेल्या अंकात कुलकर्णींच्या मुलीचं नाव चुकलं ती. दुसरी, पुरणपोळीच्या कृतीत गूळ राहून गेला ती. आणि खाली तिसरा आकडा, पुढे काही नाही. मी ते बघून नेहमीसारखं पुसायला गेलो आणि हात थांबला. नेहमीसारखं. तुमच्या प्रत्येक महिन्याच्या फाइलच्या शेवटी एक रिकामा आकडा असायचा. मी पान लावताना दर वेळी तो खोडायचो आणि मनात म्हणायचो, एवढी काटेकोर बाई, आणि एक आकडा जास्त कसा टाकते? जुन्या फाइली काढून बघितल्या. त्या कोरियन पिक्चरच्या अंकाच्या आधीच्या एकाही फाइलीत असा आकडा नाही. त्या महिन्यानंतरच्या प्रत्येक फाइलीत आहे.

सहा वर्षं तुम्ही माझ्यासाठी जागा धरून ठेवली होतीत, ताई, आणि मी दर महिन्याला तुमचं पाकीट उचलून बाजूला ठेवत होतो.

आभार मानायला हवेत. तुम्ही मला मराठी शिकवलंत म्हणून नाही, जरी शिकवलंत. खोटं पकडलं गेल्यावरही माणसाशी हसून बोलता येतं, त्याच्याबरोबर दर महिन्याला पिक्चर बघता येतो, त्याला कोपी पाजता येते, हे मला तुमच्यामुळे कळलं. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्याच महिन्यात चारचौघांत बोललो असतो. माझा वाद अजून संपलेला नाही, तो दुसरा अर्धा भाग लांबलेलाच आहे, पण आता उजवी बाजू लिहायला कोणी नाही. 'दोन खुर्च्या' हे सदर मी बंद करतोय. 'चूकभूल' चालू राहील. मुद्रितं आजपासून मीच तपासणार, म्हणजे पुढच्या महिन्यात ते सदर चांगलंच लांब असेल.

तुमच्या फाइलीत मी बाकी काही बदललेलं नाही. कुलकर्णींची मुलगी आणि गूळ तसेच आहेत. शेवटचा आकडा तेवढा भरलाय. तपासून घ्या.

३. सहा वर्षांपूर्वी 'दोन खुर्च्या' या सदरात, एका कोरियन युद्धपटाच्या परीक्षणात, 'संपूर्ण प्रेक्षागृहात कोणाच्याही डोळ्याला पाणी आलं नाही' असं छापलं होतं. ते खोटं आहे. डावीकडच्या खुर्चीतला माणूस रडला होता. उजवीकडच्या खुर्चीला ते माहीत होतं. संपादक.